आधी आयपीस, मग स्क्रीन

गेल्या काही हिवाळ्यांत आकाशदर्शनाच्या जागांवर एक बदल ठळकपणे जाणवू लागला आहे. वांगणी-नेरळच्या शेतांत किंवा पुण्याबाहेरच्या माळांवर पूर्वी डॉबसोनियन, म्हणजे साध्या पेटीवर हाताने फिरवायच्या आरशाच्या, दुर्बिणींच्या जाड नळ्या आणि त्यांच्यापुढच्या रांगा एवढेच दृश्य असे. आता त्यांच्या शेजारी तिपाईवर बसवलेली, जेमतेम अडीच किलो वजनाची एक पेटी, म्हणजे स्मार्ट दुर्बीण, आणि तिच्याभोवती फोनवर वाकलेली माणसेही दिसतात. ही पेटी आपण कोणत्या दिशेला पाहत आहोत हे स्वतःच ओळखते, सांगितलेल्या वस्तूकडे स्वतःच वळते आणि दहा-पंधरा मिनिटांत मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे गुलाबी-जांभळे चित्र फोनवर आणून देते. शेजारच्या आठ इंची डॉबसोनियनमधून तोच तेजोमेघ राखाडी, फार तर किंचित हिरवट दिसतो, आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणा साहजिकच विचारतो, की मग ही एवढी मोठी दुर्बीण आणलीच कशाला?

या प्रश्नाला हौशी मंडळींकडून सध्या दोन उत्तरे मिळतात. स्क्रीनवर पाहणे हे आकाश पाहणेच नव्हे, असे काही जण म्हणतात. डोळ्याने पाहण्याचे दिवस आता सरले, असे दुसरे म्हणतात. मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. दोन्ही साधने आपल्याकडे असावीत, पण त्यांचा क्रम ठरलेला असावा, असे माझे मत आहे: नवशिक्याच्या शिक्षणातही आणि आकाशदर्शनाच्या एका रात्रीतही आधी आयपीस, म्हणजे दुर्बिणीचे डोळा लावून पाहायचे भिंग, यावे आणि मग स्क्रीन. या मतामागची बरीचशी कारणे प्रकाश, डोळा आणि कॅमेरा यांच्या कामाच्या पद्धतीत आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

स्मार्ट दुर्बीण म्हणजे लहान दुर्बीण, कॅमेरा, संगणक आणि मोटारी यांची एकत्र बांधणी. फ्रान्समधील व्हाओनिस आणि युनिस्टेलर या कंपन्यांनी अशा दुर्बिणी आधीच आणल्या होत्या, परंतु त्यांच्या किमतींमुळे त्या मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचल्या. झेडडब्ल्यूओ या चिनी कंपनीची सीस्टार एस ५० ही दुर्बीण २०२३ साली आली आणि चित्र पालटले. तिचे वस्तुभिंग ५० मिलिमीटर व्यासाचे आणि नाभीय अंतर २५० मिलिमीटर आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या ताऱ्यांची मांडणी ती आपल्या स्मरणातील तारकासूचीशी ताडून पाहते आणि त्यावरून आपली दिशा ठरवते. त्यानंतर ती १०, २० किंवा ३० सेकंदांच्या प्रतिमा एकामागून एक घेते, पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रतिमेत आलेला किंचित तिरपेपणा दुरुस्त करते आणि त्या सर्व एकमेकींवर रचते. दहा सेकंदांच्या प्रतिमा वीस मिनिटे घेतल्या, तर १२० प्रतिमा जमतात. वस्तूचा प्रकाश १२० पट साठतो, मात्र त्यातील नॉइज, म्हणजे चित्रातील नको असलेली खरखर, केवळ ११ पट वाढतो, कारण तो प्रतिमांच्या संख्येच्या वर्गमूळाने वाढत असतो. एवढ्याशा भिंगातून एवढे तपशीलवार चित्र निघते, त्याचे सगळे रहस्य या साठवणीत आहे.

डोळ्याला अशी साठवण करता येत नाही. आपली दृष्टी फार तर सेकंदाच्या पाचव्या-दहाव्या भागाइतका वेळ प्रकाश एकत्र करते आणि मग नवे दृश्य सुरू होते. शिवाय डोळ्यातील, अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग ओळखता येत नाहीत. त्यांची सर्वाधिक संवेदनशीलता ५०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळसर हिरव्या प्रकाशाला असते. मृगातील तेजोमेघात आयनीभूत ऑक्सिजनची ठळक रेषा ५०१ नॅनोमीटरवर येते, त्यामुळे तो मोठ्या दुर्बिणीतून थोडा हिरवट भासतो. छायाचित्रात उठून दिसणारा तांबडा रंग मात्र हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या रेषेचा असतो आणि अंधाराला सरावलेल्या दंडपेशी तिच्याबाबतीत जवळजवळ आंधळ्या असतात. फोनवरचे चित्र खोटे नाही आणि आयपीसमधले दृश्यही अपुरे नाही. एकाच तेजोमेघातील निराळा प्रकाश दोन निराळ्या ग्राहकांनी टिपलेला आहे, आणि नवागताला हे तिथेच, दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून समजावून सांगितले, तर त्याची निराशा कुतूहलात बदलते.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. आरसा कितीही मोठा असला, तरी तेजोमेघ किंवा दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे समूह) यांसारख्या पसरट वस्तूचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्याला असतो त्याहून उजळ करणे कोणत्याही दुर्बिणीला शक्य नसते. आठ इंची आरसा अंधारात पूर्ण उघडलेल्या बाहुलीपेक्षा आठशे पट प्रकाश गोळा करतो हे खरे, पण वस्तू मोठी करून दाखवताना तो प्रकाश तितकाच पसरतो. मोठी झालेली फिकट वस्तू मेंदूला पार्श्वभूमीपासून वेगळी काढता येते, हा दुर्बिणीचा लाभ. म्हणून दीर्घिका पाहायच्या असतील, तर आरशाचा व्यास वाढवण्याआधी काळ्या आकाशाखाली जाणे अधिक उपयोगाचे ठरते. आयर्लंडमधील बर येथे लॉर्ड रॉस यांनी ७२ इंची आरशाच्या दुर्बिणीतून श्यामशबल तारकासमूहातील एम ५१ या दीर्घिकेची सर्पिल रचना १८४५ साली प्रथम पाहिली. तीच रचना आज दोन इंची स्मार्ट दुर्बीण काही मिनिटांत दाखवते, आणि हे यश लहान मानण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

मात्र सर्वच बाबतींत असे घडत नाही. ग्रहांचेच पाहा. सीस्टार एस ५० च्या कॅमेऱ्यातील एक पिक्सेल आकाशातील सुमारे २.४ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) व्यापतो. गुरूचे बिंब मोठ्यात मोठे असताना ५० विकलांच्या आतबाहेर असते, म्हणजे संपूर्ण गुरू साधारण वीस पिक्सेलांत मावतो. शनीची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याहूनही कमी जागा घेतात. वीस पिक्सेलांत गुरूचे पट्टे कसेबसे उमटतील, पण पट्ट्यांच्या कडांवरील गाठी, तांबडा डाग किंवा बिंबावरून सरकणारी उपग्रहाची काळी सावली उमटणार नाही. आठ इंची डॉबसोनियनमधून दीडशे-दोनशे पट वर्धनाने हवा स्थिर असलेल्या रात्री हे सगळे दिसते आणि तेही पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून दिसते, कारण ग्रहांना प्रकाश-प्रदूषणाची फारशी झळ लागत नाही. चंद्रावरील सावलीच्या सीमारेषेबाबतही हेच म्हणता येईल. ती सीमा तासाभरात सरकते, एखाद्या विवराच्या मध्यशिखराचा माथा आधी उजळतो आणि मग हळूहळू त्याचा पायथा दिसू लागतो. हे सलगपणे पाहत राहण्याची सोय आयपीसमध्ये जशी आहे, तशी मला अन्यत्र आढळलेली नाही.

जोडताऱ्यांच्या बाबतीत तर तुलनाच होऊ नये. पुनर्वसूतील कॅस्टर हा तारा प्रत्यक्षात जोडतारा असून त्यातील दोन ठळक तारे एकमेकांपासून पाच-सहा विकलांवर आहेत. आठ इंची दुर्बीण त्यांना स्वच्छ वेगळे करते, आणि मध्ये काळी फट ठेवून शेजारी बसलेले ते दोन पांढरेशुभ्र बिंदू पाहून प्रत्येक वेळी मला नव्याने आनंद होतो. स्मार्ट दुर्बिणीच्या चित्रात त्या जागी केवळ एक फुगलेला ठिपका उरतो. मृगातील तेजोमेघाच्या गाभ्यातही असाच फरक दिसतो. तिथे चार तरुण ताऱ्यांची एक छोटी चौकट आहे, आणि डोळा ती चौकट व भोवतीचा फिकट पसारा एकाच वेळी सांभाळू शकतो. कॅमेऱ्याने पसारा टिपण्यासाठी उद्भासन (एक्स्पोजर) वाढवले, की गाभा जळून पांढरा होतो. गाभा वाचवला, की पसारा हरवतो. संगणकावर निरनिराळ्या उद्भासनांची चित्रे जुळवून हा दोष दूर करता येतो, पण ते घरी बसून करण्याचे काम आहे.

दृष्टिक्षेत्राचा मुद्दाही विसरून चालणार नाही. सीस्टार एस ५० एका वेळी आकाशाचा साधारण ०.७ अंश रुंद आणि १.३ अंश लांब तुकडा पाहते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला, तेव्हा त्याचे शेपूट कित्येक अंश पसरलेले होते. पेटीने त्याचे शीर्ष सुंदर टिपले, पण संपूर्ण धूमकेतू अनुभवायला साधी १०×५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगे) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, अधिक उपयोगी पडली. धनू-वृश्चिकाच्या परिसरातील आकाशगंगेचे तसेच आहे. मूळ नक्षत्रापासून वर सरकत जाताना गुच्छ, काळे पट्टे आणि तेजोमेघ एकामागून एक येतात आणि त्यांचे परस्परांशी असलेले नाते द्विनेत्रीतूनच कळते.

महाराष्ट्रातील बहुतेक हौशी निरीक्षक शहरांत राहतात, आणि पावसाळ्याचे चार महिने व नोकरीचे दिवस वजा केले, तर अमावास्येच्या आसपासच्या मोजक्याच रात्री हाती उरतात. ज्याला महिनोन्महिने शहराबाहेर पडता येत नाही, त्याच्या दृष्टीने स्मार्ट दुर्बिणीने एक बंद दार उघडले आहे. तिच्यातील द्विपट्टी फिल्टर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या रेषांभोवतीचा प्रकाश तेवढा आत येऊ देतो आणि रस्त्यांवरील दिव्यांचा बराचसा उजेड अडवतो, त्यामुळे मुंबईच्या एखाद्या गॅलरीतूनही तेजोमेघ टिपता येतो. दीर्घिकांना मात्र या फिल्टरचा उपयोग नाही, कारण त्यांचा प्रकाश अब्जावधी ताऱ्यांचा, सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो आणि फिल्टर दिव्यांबरोबर त्यालाही अडवतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांनी ही अडचण अधिक वाढवली आहे. जाहिरातींमधील दीर्घिकांची चित्रे पाहून शहरातच तशी चित्रे मिळतील अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

माझी खरी काळजी निराळीच आहे. सोय जितकी वाढते, तितके आकाश ओळखण्याचे कारण कमी होते. देवयानी दीर्घिका स्वतः शोधायची असेल, तर महाश्वाचा चौकोन ओळखावा लागतो, त्याच्या उत्तराभाद्रपदेच्या कोपऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची रांग धरावी लागते, मिराक ताऱ्यापाशी वळून दोन फिकट तारे ओलांडावे लागतात आणि मग तो लांबट पुंजका नजरेस पडतो. असे काही वेळा केले, की शर्मिष्ठा, ययाती आणि महाश्व यांची परस्परांपासूनची अंतरे अंगवळणी पडतात. अ‍ॅपमध्ये यादीतील नावावर बोट ठेवून दीर्घिका मिळवणाऱ्या व्यक्तीने अनेक वस्तूंची चित्रे जमवली, तरी त्या आकाशात कुठे आहेत हे तिला दाखवता येत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे. डोळ्याचे कसबही असेच सरावाने येते. फिकट वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली, की तिचा प्रकाश दंडपेशी दाट असलेल्या भागावर पडतो आणि ती उजळ भासते. पहिल्या रात्री हे जमत नाही, सराव झाल्यावर ज्या ठिकाणी काहीच नव्हते तिथे दीर्घिकेची टोके दिसू लागतात. आयपीसपाशी बसून पेन्सिलीने रेखाटन करणाऱ्यांना हे सर्वांत लवकर साधते, कारण कागदावर काढण्यासाठी वस्तू खरोखर पाहावी लागते.

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाची रात्र आखताना या सगळ्याचा विचार करायला हवा. साठ माणसांच्या रांगेत प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला, तरी एका वस्तूला अर्धा तास लागतो, आणि त्या वेळात कोणाला तरी सतत दुर्बीण सरकवत राहावे लागते, कारण अर्ध्या अंशाच्या दृष्टिक्षेत्रातून वस्तू दोन मिनिटांत निघून जाते. शिडीवर चढू न शकणारे आजोबा, मोतीबिंदू झालेल्या आजी, चाकाच्या खुर्चीवरून आलेली मुले आणि आयपीसला डोळा नेमका कसा लावावा हे न कळलेले चिमुकले यांना त्या रांगेत बहुतेकदा काहीच दिसत नाही, आणि ती माणसे संकोचाने ‘दिसले’ असे म्हणून बाजूला होतात. त्यांच्या हाती चित्र देऊ शकणारे साधन कार्यक्रमात असावे, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही. युनिस्टेलरच्या काही दुर्बिणींत आयपीसच्या जागी छोटी स्क्रीन बसवलेली असते, हा मला फारसा न पटलेला मधला मार्ग आहे. सर्वांना एकत्र पाहता येईल अशी टॅबची स्क्रीन त्याहून चांगली.

पण ती स्क्रीन उशिरा उघडावी. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि फोनच्या उजेडाकडे एकदा नजर गेली, की ती सवय मोडते व पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे झगझगीत रंगीत चित्र आधी पाहिलेला माणूस आयपीसमध्ये त्याच चित्राचा शोध घेत राहतो आणि समोर असलेले पाहत नाही. उलट क्रमाने गेल्यास तो आधी एक फिकट आकार पाहतो, त्याचे स्वतःच्या शब्दांत वर्णन करतो, आणि नंतर स्क्रीनवर त्याच आकाराचा विस्तार पाहून आपण नेमके काय पाहिले हे ओळखतो. म्हणून रात्रीच्या पहिल्या भागात नुसत्या डोळ्यांनी नक्षत्रांची ओळख, त्यानंतर द्विनेत्री आणि डॉबसोनियन, आणि मध्यरात्रीच्या चहानंतर, लाल कागद लावलेल्या टॅबवर, स्मार्ट दुर्बिणीने तोवर शांतपणे जमवलेली चित्रे, असा क्रम मला सर्वांत योग्य वाटतो. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ आपल्या अक्षांशावरून दक्षिणेला सुमारे २३ अंश वर येतो. युरोपातील बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. आपल्याकडे तो आयपीसमधून असंख्य सूक्ष्म बिंदूंत फुटलेला दिसतो, आणि निदान त्या वेळी तरी सर्वांनी आधी रांगेत उभे राहावे, असा आग्रह मी धरते.

स्मार्ट दुर्बिणीकडून केवळ सुंदर चित्रे घेतली जावीत, हेही मला पटत नाही. तिचा कॅमेरा प्रकाश मोजू शकतो, आणि हे काम डोळ्यापेक्षा ती अधिक अचूक करते. नासाच्या डार्ट यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फॉस या लघुग्रहाला धडक दिली, तेव्हा युनिस्टेलरच्या दुर्बिणी वापरणाऱ्या हौशी निरीक्षकांनी तो अचानक उजळल्याचे टिपले आणि त्या नोंदींवरील शोधनिबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या मोजणीची परंपरा आपल्या देशात तर जुनी आहे. बंगालमधील राधागोविंद चंद्र यांनी कोषागारातील नोकरी सांभाळून रूपविकारी ताऱ्यांच्या ३७,००० हून अधिक नोंदी केल्या आणि त्या अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. संघटनेने त्यांचे काम पाहून त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण पाठवली. १९११ साली स्थापन झालेली ती संघटना आजही डोळ्याने केलेले अंदाज स्वीकारते आणि रंगीत कॅमेऱ्याच्या हिरव्या वाहिनीतून केलेली मोजमापेही स्वीकारते. २०१९ च्या अखेरीस मृगाच्या खांद्यावरील काक्षी (बीटलज्यूस) मंदावू लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ प्रतीपर्यंत (प्रत हे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा फिकट) उतरून मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरील ताऱ्याइतकी फिकट झाली, तेव्हा ते ओळखायला कोणत्याही साधनाची गरज नव्हती. मृग ज्याच्या नित्य परिचयाचा होता, त्याला अंगणातूनच काहीतरी बदलल्याचे कळत होते. नवव्या-दहाव्या प्रतीच्या ताऱ्याचा असाच चढउतार गॅलरीत ठेवलेली पेटी रोज रात्री नोंदवू शकते. एकच वस्तू महिनोन्महिने मोजत राहण्याचा कंटाळा तिला येत नाही, आणि ढग नसलेली प्रत्येक रात्र उपयोगी पडते.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न, कारण पहिली दुर्बीण कोणती घ्यावी हे मला सतत विचारले जाते. आधी ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री घ्यावी आणि एक पूर्ण हिवाळा-उन्हाळा तिच्यासह आकाश शिकावे. त्यानंतर सहा किंवा आठ इंची डॉबसोनियन घ्यावी. ही रचना लोकप्रिय करणारे जॉन डॉबसन सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त मठात संन्यासी होते, तिथे ते टाकाऊ जाड काचा घासून आरसे बनवत, आणि मठ सोडल्यावर १९६८ पासून रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवू लागले. त्यांच्या रचनेत आरसा, लाकडी पेटी आणि टेफ्लॉनचे तुकडे यांखेरीज बिघडण्यासारखे फार काही नाही. आपल्याकडेही पुण्यातील आयुका या खगोल संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी झालेल्या कार्यशाळांमध्ये अनेकांनी स्वतः घासलेले आरसे आहेत, आणि आरशावरील अ‍ॅल्युमिनियमचा थर नव्याने चढवला, की ते पुढेही काम देतात. स्मार्ट दुर्बीण अ‍ॅप, बॅटरी आणि फोन यांवर अवलंबून असते आणि तिचे आयुष्य त्यांच्या आयुष्याइतकेच असते, हे पैसे मोजण्याआधी लक्षात घ्यावे. डोळ्यांच्या विकारामुळे, वयामुळे किंवा शहर सोडता येत नसल्यामुळे आयपीस ज्याच्या उपयोगाचे नाही, त्याने मात्र हा सगळा क्रम बाजूला ठेवून थेट स्मार्ट दुर्बीण घ्यावी आणि कोणाच्याही टीकेकडे लक्ष देऊ नये.

शाळांना आणि गावोगावच्या खगोल मंडळांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. पैसे एकाच साधनापुरते असतील तर डॉबसोनियन घ्यावी, कारण तिच्याभोवती मुलांना हाताने काही करता येते. दोन्ही घेता आली तर स्मार्ट दुर्बिणीवर एखादा रूपविकारी तारा निवडून आठवीच्या वर्गाकडे सोपवावा, रचलेल्या चित्राबरोबर मूळ प्रतिमाही साठवून ठेवण्याची सोय अ‍ॅपमध्ये पहिल्याच दिवशी सुरू करावी आणि मुलांनी काढलेला प्रकाश-आलेख वर्गाच्या भिंतीवर लावावा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. विदर्भातील शाळांनी सहलीची तारीख ठरवताना अमावास्या पाहून ती ठरवावी आणि डॉबसोनियन गाडीत सर्वांत आधी चढवावी.